केसपेपरवरचं ऊन

सुई टोचण्याआधी मी त्या बाईला तिचं नाव विचारलं नाही. चूक एवढीच. सांगायला एक ओळ पुरते, पण इतक्या वर्षांत ती एक ओळ मी कुणाला धड सांगितलेली नाही. मित्रांच्या बैठकीत माझ्या फजितीचे किस्से मीच रंगवून सांगतो. परीक्षेत मेलेल्या बेडकाला जिवंत ठरवलं तो किस्सा, सरपंचाच्या किडक्या दाताऐवजी शेजारचा धडधाकट दात हलवत बसलो तो किस्सा. लोक हसतात, मीही हसतो. हा किस्सा मात्र घशात अडकतो. आता हात थरथरायला लागलेत, सुई धरायची वेळ संपली. म्हटलं, निदान लेखणी धरवते तोवर लिहून टाकू.

मी नुकताच डॉक्टर होऊन गावी परतलो होतो. आमचं घर चकलांब्याच्या शिवाराकडेला, दोन खोल्या आणि पुढे मेंढरांचं रिकामं वाडगं. वाडगं रिकामं, कारण दुष्काळानं चारा संपला आणि बाप उरलेल्या मेंढरांचं खांड घेऊन गोदावरीच्या कडेकडेनं खाली निघून गेला होता. घरात मी आणि आई. भिंतीतल्या खुंटीवर लोकर कातरायची कातर होती, तिच्याच शेजारी आईनं माझी स्टेथोस्कोपची नळी अडकवून ठेवलेली असायची. दोन्ही हत्यारं तिच्या लेखी सारख्याच इज्जतीची. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेला जोंधळा, तांबडा, कडसर, भाकरी थापताना कडेनं फाटणारा. आई त्या भाकरीला पाण्यानं लिंपत लिंपत तव्यावर टाकायची आणि म्हणायची, "ह्या भाकरीला आपल्या मातीची वळखच न्हाई बग." दुष्काळी कामावरच्या बायका तिथं वाटलेली सुकडीची पिठी आणायच्या, त्यातली मूठभर कुणीतरी आईला द्यायचं आणि आई ती गरम पाण्यात कालवून मला द्यायची. मी डॉक्टर असल्यानं तिच्यातली जीवनसत्त्वं मोजायचो. आई म्हणायची, "मोजून झालं आसंल तर खा."

त्या वर्षीचा आवाज म्हणजे हातोड्यांचा. पाखरं निघून गेली होती. उजाडलं की उमापूरच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावरून खडी फोडल्याचा आवाज सुरू व्हायचा. शेकडो हात, पण एक ताल नाही. नुसती टकटक, सगळा दिवस. त्या कामापासून मैलभरावर आमच्या सहकारी साखर कारखान्याचं धुराडं उभं होतं. धूर नव्हता, कारण ऊस नव्हता. कारखाना बंद, पण कारखान्याचा दवाखाना चालू, आणि चेअरमनसाहेबांनी तलावावरच्या मजुरांनाही तो उघडा करून दिला होता. त्या दवाखान्यात मी चिकटलो. पाटी, टेबल, एक कपाट, कपाटाइतकेच जुने कंपाउंडर रज्जाकभाई, आणि मी. पहिल्याच आठवड्यात मी रज्जाकभाईंना पेनिसिलिनबद्दल अर्धा तास भाषण दिलं होतं. की काही माणसांना ते सोसत नाही, दोन मिनिटांत जीव जाऊ शकतो, म्हणून आधी कातडीत थेंबभर टोचून बघायचं, माणसाला विचारायचं, प्रत्येक वेळी, न चुकता. रज्जाकभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर हाय, डाक्टरसाब. मी वीस वरसं तेच करायलो."

त्या दिवशी चेअरमनसाहेब दुपारी बाराला येणार होते, आणि त्यांच्यासोबत जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा फोटोवाला. दुष्काळात कारखाना लोकांची सेवा कशी करतोय, त्याचा फोटो. मी सकाळी आईकडून शर्टाला तांब्यानं इस्त्री करून घेतली. दवाखान्यापुढे रांग लागलेली, आणि माझं लक्ष रांगेपेक्षा कॉलरवर. बाराच्या सुमाराला जीप आली. रांगेत पुढे एक बाई होती, तिशीतली, पाय फडक्यात गुंडाळलेला. खडीचा कपरा घोट्याखाली घुसला होता, पाय नडगीपर्यंत तांबडा आणि तट्ट फुगलेला. तिनं हातातला केसपेपर पुढे केला. वर नाव: सरूबाई. खाली रज्जाकभाईंच्या अक्षरात, लाल शाईत: पेनिसिलिन पूर्वी दिले, चालते.

"चालते" हा शब्द मी वाचला आणि मला बरं वाटलं. थेंब टोचून वाट बघायची गरज नाही, फोटो लवकर उरकेल. फोटोवाला म्हणाला, "डाक्टर, सुई जरा वर धरा. बाई, हिकडं बघा." कमरेत द्यायची सुई मी दंडात दिली, कारण कमरेचा फोटो साप्ताहिकात छापता आला नसता. हे मी विनोद म्हणून लिहीत नाही. हे असंच घडलं. माझा बाप तीनशे मेंढरं तोंडावरून ओळखायचा, कुठलं कुणाचं कोकरू हे अंधारात हात लावून सांगायचा. त्याच्या शिकलेल्या लेकाला समोर बसलेली बाई कागदावरून ओळखावी लागली.

फोटोवाला डबा बंद करत होता तेवढ्यात बाईनं मान खाजवली. मग हात खाजवले. मग म्हणाली, "डाक्टर, मला कसंतरीच व्हायलंय." तिचे ओठ माझ्या डोळ्यांदेखत सुजले. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि ती बाकावरून खाली घसरली. नाडी हाताला लागेना. पुस्तकातला तो परिच्छेद मला पानाच्या आकड्यासकट पाठ होता, पण पान डोळ्यापुढे आणि हात माझे जागेवरच. रज्जाकभाईंनी न सांगता कपाटातून अ‍ॅड्रेनॅलिन काढून माझ्या हातात दिलं. ती काचेची कुपी फोडताना मी स्वतःचा अंगठा कापून घेतला. औषध तिच्या दंडात, माझं रक्त तिच्या लुगड्यावर. मी तिच्या गालावर चापट्या मारत ओरडायला लागलो, "सरूबाई! सरूबाई, डोळे उघडा! सरूबाई, ओ द्या!"

ती काही ओ देईना. मी आणखी मोठ्यानं ओरडलो. दारात गर्दी झाली होती. त्या गर्दीतून एक बाई पुढे आली, कानाला फडकं बांधलेली, पोटाशी बारा दिवसांचं लेकरू धरलेलं, चेहरा मेणासारखा. ती म्हणाली, "आवो डाक्टर, तिला कावून सरू सरू करायलाव? सरू मी हाय."

माझ्या कानात हातोडे वाजायला लागले. ती रडत रडत सांगत होती आणि माझा हात खाली पडलेल्या बाईच्या मनगटावर होता. हजेरीपटावर नाव सरूचं. सरू बाळंत झाली, तेव्हा काम जाऊ नये म्हणून तिची थोरली जाऊ काशीबाई तिच्या जागी खडी फोडायला बसली. काशीबाईचं स्वतःचं नाव पटावर नव्हतं, कारण नावं लिहून घेतली तेव्हा ती माहेरी होती. कामावर 'सरू' म्हटलं की ती ओ द्यायची, मुकादमालाही ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या तलावावर अशा किती सरू होत्या कुणास ठाऊक. कुणाची सासू सुनेच्या नावावर, कुणाची बहीण बहिणीच्या. पोट भरायचं तर कुणाच्या तरी नावानं बसायचंच. आणि पाय सुजला तर दवाखान्याचा कागदही त्याच नावाचा आणायचा. पेनिसिलिन सरूला चालत होतं. काशीला चालत नव्हतं.

"काशीबाई," मी म्हणालो. हळूच, एकदाच. तिच्या पापण्या हलल्या.

दुसरी कुपी लागली. मग सलाइन. तीन तास मी तिच्या उशाला जमिनीवर बसून होतो आणि दर श्वास मोजत होतो. श्वास थांबल्यासारखा वाटला की माझा थांबायचा. त्या तीन तासांत मी जेवढे देव आठवले तेवढे आईला जन्मात आठवले नसतील. चेअरमन बाहेर जीपपाशी येरझाऱ्या घालत होते. उन्हं कलली तेव्हा काशीबाईनं पाणी मागितलं. रज्जाकभाईंनी तोंड दुसरीकडे फिरवून डोळे पुसले. मी पुसले नाहीत, कारण माझे दोन्ही हात तिला पाणी पाजण्यात गुंतलेत असं दाखवायचं होतं.

मग चेअरमन आत आले. वाईट माणूस नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डाक्टर, वाचली ना बाई? मग झालं. ऊन लागलं आसं लिवा. ह्या उन्हात दगडं फोडणारी बाई, तिला ऊन न्हाई लागायचं तर काय थंडी वाजायची?"

सरू माझ्या पायाशी बसली. "लिवा की डाक्टर, ऊनच लिवा. खरं लिवलाव तर चौकशी व्हईल. जावंचं नाव कळलं की माझं बी नाव काटतेल. आमच्या घरचं येकच नाव हाय पटावर. सुकडी बी बंद व्हईल. हे लेकरू वाऱ्यावर पडंल."

एकाच वाक्यावर सगळ्यांचं भलं होत होतं. सरूची हजेरी वाचत होती, कारखान्याची अब्रू वाचत होती, आणि मी. मी तर सगळ्यात जास्त वाचत होतो. इतकी दयाळू लबाडी मी त्याआधी पाहिली नव्हती. मी केसपेपर ओढला आणि लिहिलं: सरूबाई. उष्माघात. अक्षर इतकं सुंदर आलं की मलाच नवल वाटलं. रज्जाकभाई बघत होते. त्यांनी लाल शाईची दौत उचलली, बूच लावलं आणि कपाटात ठेवून दिली. काशीबाईला मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "बाई, ऊन लागलं होतं तुमाला. आता सावलीत बसा." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

पुढचे चार दिवस मी बरा होतो. म्हणजे जेवत होतो, झोपत होतो. स्वतःला समजावत होतो की एका बाळंतिणीचं पोट मी वाचवलं. माणूस स्वतःला किती चटकन माफ करतो, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही, पण डॉक्टरला ते फार सोपं जातं. शेवटचं वाक्य लिहिणारा तोच असतो.

पाचव्या दिवशी सकाळी साप्ताहिक आलं. फोटो पहिल्या पानावर. मी सुई वर धरून हसतोय, शेजारी चेअरमन हसताहेत, बाई घाबरलेली. आईनं तो कापला, पिठाची खळ केली आणि भिंतीवर कातरीच्या बाजूला चिकटवला. मग कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, लेकाचं कौतुक चाललंय.

"अरं," ती म्हणाली, "हिचा पाय किती सुजलाय. बरा झाला का मग?"

मी तोंडात घेतलेला मिलोचा घास तसाच राहिला. पाय. पाय मी विसरलोच होतो. ती आली होती पायासाठी. मी तिला मरणाच्या दारात नेलं, परत आणलं, आणि जो पाय घेऊन ती आली होती तो तसाच फडक्यात बांधून घरी पाठवला. आता त्या पायाची सूज आणखी चढणार. ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार. आणि त्या पायाकडे बघून जिल्ह्यातला कुठलाही डॉक्टर, शहाणा असो की माझ्यासारखा, एकच औषध काढणार. तो विचारील, बाई, कधी सुईचा त्रास झाला होता का? आणि ती काय सांगणार? ती सांगणार, न्हाई, मला फकस्त ऊन लागलं हुतं.

मी जेवणावरून उठून सायकल काढली. आई मागून ओरडत होती, "आरं हात तरी धू." तलावावर सरू भेटली, आता स्वतःच्या नावावर, लेकरू झाडाखाली झोळीत. म्हणाली, "ती माह्यराला गेली की. युसूफ वडगावला. भाऊ येऊन घेऊन गेला. पाय लई ठणकायला हुता."

"डॉक्टरला दाखवला?"

"आज तिथला बाजार आसतोय. बाजाराला डाक्टर बसतोय तिथं. भाऊ दाखवणार हाय म्हणला."

गेवराईवरून बीड, बीडवरून केज, केजवरून वडगाव. एसटीची खिडकी गरम, आत धूळ, बाहेर बैल नसलेली शेतं. मी मनात तिचं वय, वजन, पायाची सूज आणि बाजाराची वेळ यांचा हिशेब करत होतो, आणि दर वेळी उत्तर एकच यायचं: सुई माझ्याआधी पोचणार. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तापली म्हणून थांबली. कंडक्टर बोनेटवर पाणी घालायला पाणी शोधत फिरत होता. त्या वर्षी बोनेटला कोण पाणी देणार? मी खाली उतरून रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि रडलो. ड्रायव्हरला वाटलं, घरचं कुणी गेलंय. त्यानं बिडी पुढे केली. मी ओढत नव्हतो तरी घेतली.

वडगावला पोचलो तेव्हा बाजार अजून भरलेला होता, म्हणजे त्या वर्षी जेवढा भरायचा तेवढा. मिरच्या, दोऱ्या, रिकाम्या टोपल्या. देवळाच्या पडवीत एक डॉक्टर पेटी उघडून बसलेला, आणि त्याच्यापुढे रांग. रांगेत तिसरी काशीबाई होती, भावाच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उभी.

मी तिचा दंड धरून तिला रांगेतून ओढलं. भाऊ अंगावर आला, "कोन हायेस बे तू? बाईला हात लावायलास!" काशीबाई म्हणाली, "दादा, थांब. सुईवाला डाक्टर हाय त्यो."

तिथं, दोऱ्या विकणाऱ्याच्या शेजारी उभं राहून मी बोललो. की बाई, तुमाला ऊन लागलं नव्हतं. मी दिलेल्या औषधानं तुमचा जीव जात होता. मी नाव विचारलं नाही, थेंब टोचून बघितला नाही, आणि वर खोटं लिहिलं. पुन्हा ते औषध घेतलंत तर वाचणार नाही. हे बोलताना मी तिच्या पायाकडे बघत होतो. भाऊ आ वासून उभा होता. त्यानं मला तेव्हा मारलं असतं तर बरं झालं असतं. मारलं नाही.

काशीबाई खाली बसली. "मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "ऊन मला जलमापासनं लागायलंय. उन्हानं कुणाचं व्हट सुजत्यात व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुमी ऊन म्हणलाव. चेरमन ऊन म्हणला. सरू ऊन म्हणली. मी येकलीच सुई म्हणून काय करू? चार दिस ऐकून ऐकून मला बी वाटाया लागलं, ऊनच आसंल. म्हणून तर आले रांगेत."

माझ्या आयुष्यात मला बऱ्याच शिव्या बसल्या, पण त्या वाक्याइतकी कुठलीच नाही. तिच्या अंगाला जे कळलं होतं ते मी माझ्या सुंदर अक्षरानं पुसून टाकलं होतं.

मग मी देवळापुढच्या नळावर बसवून तिचा पाय धुतला, कपरा काढला, पू काढला. दुसऱ्या जातीच्या गोळ्या तलावावरून निघताना दवाखान्यातून सोबत आणल्या होत्या, त्या भावाला समजावून दिल्या. पडवीतल्या डॉक्टरलाही जाऊन सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. नुसती पेटी लावून घेतली आणि म्हणाला, "अरे बापरे." कदाचित त्यालाही त्याच्या कुणा सरूची आठवण झाली असावी. परतल्यावर मी काय केलं तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी एकदम संत झालो. काशीबाईच्या नावाचा नवा कागद केला आणि त्यावर खरं लिहिलं. चेअरमननी महिन्याच्या आत मला घरचा रस्ता दाखवला. पण सरूच्या केसपेपरवरचं ऊन मी तसंच राहू दिलं, कारण ते खोडलं असतं तर तिचं नाव पटावरून गेलं असतं. अर्धं खरं, अर्धं खोटं. त्यातला कुठला अर्धा भाग चूक होता, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. ठरवलं असं सांगणारे डॉक्टर मला भेटलेत. त्यांची मला भीती वाटते.

पण त्या दिवशी वडगावहून निघायच्या आधी मी काशीबाईला एक चिठ्ठी लिहून दिली. कुठल्याही डॉक्टरला आधी ही दाखवायची. तिनं ती घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"कागद नगं. कागदावर मी सरू हुते."

"मग?"

बाजाराच्या टोकाला एक गोंदणारी म्हातारी पाल टाकून बसली होती, पुढे सुया आणि काजळाची वाटी. काशीबाई लंगडत तिच्यापुढे जाऊन बसली आणि उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला. "हितं लिवा डाक्टर. हात काय कुणी बदलून नेत न्हाई."

मी पेनानं तिच्या हातावर लिहिलं. पेनिसिलिन नको. म्हातारी वाकून बघून म्हणाली, "ह्ये काय मुंग्या सोडल्यात? नीट लिवा की, मला वाचता येत न्हाई, मी रेघंवर रेघ मारणार." थुंकी लावून पुसलं आणि पुन्हा लिहायला लावलं. तीन वेळा. माझ्या अक्षराची इतकी कडक परीक्षा कुठल्या प्राध्यापकानं घेतली नव्हती. मग मी सुया चहावाल्याच्या पातेल्यात उकळून आणल्या, त्यावर चहावाल्यानं दिलेल्या शिव्यांसकट. म्हातारीनं पहिला टोचा दिला. रक्ताचे बारीक थेंब माझ्या अक्षरांवरून वर आले. काशीबाईनं हात मांडीवरून हलू दिला नाही. मी समोर उकिडवा बसून बघत होतो, जणू काही मलाच टोचताहेत. शेवटी न राहवून विचारलं, "दुखतंय का, बाई?"

तिनं हातावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"धा वरसं संसार केला, नवऱ्याचं नाव न्हाई गोंदलं म्या," ती म्हणाली. "अन् तुमची चूक जलमभर हातावर घेऊन हिंडायची, अन् तुमी इचारायलाव, दुखतंय का!"